नागपूरच्या उन्हात तापणाऱ्या जुन्या बॉक्स्टरसाठी कोणते इंजिन ऑइल घ्यावे?

सेमिनरी_हिल्स_०२
१२ मे

नमस्कार. माझ्याकडे २००२ सालची, २.७ लिटर इंजिनाची, हाताने गिअर टाकायची पोर्शे बॉक्स्टर (९८६ मालिका) आहे. गाडी बाहेरून आयात केलेली असून मी तिचा तिसरा मालक आहे. वर्षाकाठी ती जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. बहुतेक वेळा पहाटे काटोल रस्त्याने किंवा समृद्धी महामार्गावर आणि क्वचित संध्याकाळी शहरात.

एप्रिलच्या मध्यापासून शहरातल्या गर्दीत गाडी फार तापू लागली आहे. मी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे उपकरण) लावून आकडे टिपले. एसी चालू ठेवून व्हरायटी चौक ते मुंजे चौक एवढे अंतर रांगत पार करताना कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान १०४ ते १०६ अंशांपर्यंत जाते. तीच गाडी वर्धा रोडवर ताशी ८० च्या वेगाने धावू लागली की दहा मिनिटांत ९२ वर येते. कूलंट कमी होत नाही, गळती दिसत नाही आणि धूरही नाही.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतले. तेथील मिस्त्री म्हणाले, "जाड तेल टाका न भाऊ, गरमी आपोआप कमी होते," आणि त्यांनी २०डब्ल्यू-५० खनिज तेल भरले. गरमी तर कमी झाली नाहीच, उलट आता सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-सहा सेकंद टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) टकटक आवाज येतो, जो पूर्वी कधी येत नव्हता. कंपनीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० हे दोन ग्रेड (तेलाच्या दाटपणाच्या श्रेणी) दिलेले आहेत. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नागपूरचा मे महिना असेल असे मला वाटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि डांबराच्या जवळ, जेथून रेडिएटर हवा ओढतो, तेथे त्याहून बरेच अधिक असते. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आला आहे. अशा वेळी ५डब्ल्यू-४० घ्यावे, ५डब्ल्यू-५० घ्यावे की थेट १०डब्ल्यू-६० कडे जावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वंगणवाला_हिंगणा
१२ मे

आपण आकडे टिपून प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात माझी पंचवीस वर्षे यंत्रांच्या वंगणाचे काम पाहण्यात गेली. ग्रेडविषयी सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावाचून पुढचे सगळे निरर्थक ठरेल.

आपल्या इंजिनात ऑइल थंड करण्यासाठी हवेवर चालणारा वेगळा कूलर नाही. इंजिनाच्या वर एक छोटा उष्णता-विनिमयक बसवलेला असतो. त्यात एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. ऑइल आपली उष्णता कूलंटला देते आणि कूलंट ती पुढच्या बंपरमागच्या दोन रेडिएटरांकडे नेऊन हवेत सोडते. याचा सरळ अर्थ असा की ऑइल कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही. कूलंट १०५ वर असेल तर ऑइल त्याहून गरमच असणार, मग डब्यावर कोणताही आकडा छापलेला असो. म्हणून जाड तेलाने गरमी उतरते ही समजूत येथे लागू पडत नाही. उलट अतिदाट तेल ढवळायला आणि पंपाने ढकलायला जास्त शक्ती लागते, ती शक्ती उष्णतेच्याच रूपाने तेलात उतरते, आणि पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडून तेलाचा काही भाग बेअरिंगांपर्यंत न जाता मागेच वळतो.

आता ग्रेडचे आकडे. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे. नागपुरात कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे ०डब्ल्यूची खरी गरज आपल्याला कधीच भासणार नाही. तरीही याचा अर्थ २०डब्ल्यू चालेल असा होत नाही. ४० अंशांवर, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उभ्या असलेल्या गाडीच्या तापमानावर, २०डब्ल्यू-५० खनिज तेल साधारणपणे ५डब्ल्यू-४० सिंथेटिकच्या दुप्पट दाट असते. आपल्या इंजिनातील टॅपेट तेलाच्या दाबावर फुगतात, शिवाय व्हॉल्व्हची वेळ बदलणारी व्हेरिओकॅम यंत्रणाही तेलाच्या दाबावरच चालते. सकाळचा टकटक आवाज हा बहुधा त्या दाट तेलाला वरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळेचा आहे.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. ४० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. १०० अंशांवर चौदा सेंटिस्टोक्स असलेले तेल १२० अंशांवर गेले की त्या चौदाचे साधारण नऊ होतात. पण बेअरिंगच्या आतल्या केसाएवढ्या फटीत तेल किती टिकून राहते, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी १५० अंशांवर, जोराच्या घर्षणाखाली मोजलेला एचटीएचएस हा आकडा पाहावा. ५डब्ल्यू-४० साठी त्याची किमान मर्यादा ३.५ आहे आणि ५० ग्रेडसाठी ३.७. हा फरक डब्यावरच्या चाळीस आणि पन्नास या आकड्यांवरून वाटतो तेवढा मोठा नाही. चांगल्या प्रतीचे ४० ग्रेडचे तेल सुमार ५० ग्रेडच्या फार मागे नसते.

माझा सल्ला स्पष्ट आहे. पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घ्या आणि डब्याच्या मागच्या बाजूला 'पोर्शे ए४०' ही तेलासाठीची पोर्शे कंपनीची मान्यता छापलेली आहे याची खात्री करा. 'योग्य' किंवा 'शिफारस' असा मोघम शब्द पुरेसा नाही. ०डब्ल्यू-४० लाही ती मान्यता असते, पण इतका रुंद पल्ला गाठण्यासाठी त्यात दाटपणा टिकवणारे पॉलिमर सहसा अधिक घालावे लागतात आणि ते वापरात हळूहळू तुटतात; जेथे थंडीच नाही तेथे तो व्यवहार कशाला करायचा? १०डब्ल्यू-६० चा विचार या इंजिनासाठी करू नये. ते तेल ज्या इंजिनांसाठी बनवले गेले त्यांच्या फटी आणि पंप त्या हिशेबाने आखलेले असतात.

ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकू नका. या गाडीचा फिल्टर कागदी पाकळ्यांचा आहे. तो उलगडून पांढऱ्या कागदावर पसरा, उन्हात धरून पाहा आणि खाली चुंबक फिरवा. नवीन तेल आठ लिटरांहून जास्त लागते, त्यामुळे दोनच डबे आणून काम अर्धवट सोडू नये.

कामठी_रोड_रायडर
१३ मे

मी वेगळा अनुभव मांडतो. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीची, साधारण त्याच वयाची सहा सिलिंडरची गाडी आहे आणि तीन उन्हाळे मी ५डब्ल्यू-५० सिंथेटिक वापरत आहे. गर्दीत उभे असताना तेलाच्या दाबाचा काटा पूर्वी जितका खाली जायचा तितका आता जात नाही. त्यामुळे ५० ग्रेड सरसकट नाकारू नये असे मला वाटते.

वंगणवाला_हिंगणा
१३ मे

दादा, आपले निरीक्षण बरोबर आहे; दाट तेलाने दाब वाढतो. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. तेल पुढे सरकायला जितकी अडचण होईल तितका काटा वर जातो. ज्या इंजिनाच्या बेअरिंगा झिजून फटी वाढल्या आहेत, तेथे ५डब्ल्यू-५० हा समंजस उपाय ठरू शकतो आणि तुमच्या गाडीत तसे असू शकेल. प्रश्नकर्त्यांच्या बॉक्स्टरमध्ये तर दाबाचा काटाच नाही, त्यामुळे आधी कूलंटचे तापमान ताळ्यावर आणून मग गरज भासली तरच तेलाची एक पायरी चढावी.

सावरीची_सावली
१३ मे

आपल्याच आकड्यांत उत्तर दडलेले आहे. वेग असताना ९२ आणि रांगताना १०५, याचा अर्थ पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आपले काम करत आहेत. उभ्या गाडीला हवा मिळत नाही. कंपनीचा थर्मोस्टॅट ८६ अंशांच्या सुमारास उघडू लागतो. कोणी लवकर उघडणारा, ७१ अंशांचा थर्मोस्टॅट लावायला सांगेल, पण १०५ वर मूळचा थर्मोस्टॅटही पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे गर्दीतल्या तापण्यावर त्याचा काही उपयोग होणार नाही.

माझ्याकडेही ९८६ आहे आणि मी दर वर्षी एप्रिलमध्ये पुढचा बंपर उतरवतो. या गाडीत प्रत्येक रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) असतो आणि दोघांच्या मध्ये बोटभर जागा राहते. बंपरच्या तोंडातून जे काही आत शिरते ते कंडेन्सरच्या कडेने सरकून त्या बोटभर जागेत जाऊन बसते आणि बाहेरून टॉर्च मारून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छच दिसतो. आपण सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहता असे नावावरून वाटते. मार्च-एप्रिलमध्ये सावरीची बोंडे फुटतात आणि तिचा कापूस रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर लोळत असतो, हे आपण पाहिले असेलच. माझ्या गाडीत पहिल्यांदा तो सापडला तेव्हा शिरीषाच्या शेंगा, कडुनिंबाची पाने आणि गेल्या पावसाळ्यातली माती यांच्याबरोबर दाबला जाऊन त्याची अक्षरशः गोधडी झाली होती. मी चिमटीत धरून ओढली तर ती एका तुकड्यात बाहेर आली.

कंडेन्सर पाइपांसकट थोडा पुढे झुकवता येतो; गॅस सोडण्याची गरज नाही. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने कचरा काढावा, मग साध्या नळीने मागून पुढे पाणी सोडावे. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप मात्र लावू देऊ नका, कारण जुन्या ॲल्युमिनियमच्या पात्या त्याने क्षणात आडव्या होतात.

त्याआधी आणखी एक तपासणी करा. इंजिन सुरू ठेवून एसी लावा आणि दोन्ही बाजूंच्या बंपरच्या तोंडाजवळ कान न्या. दोन्ही पंखे सावकाश फिरताना ऐकू यायला हवेत. या गाड्यांत सावकाश वेगासाठी पंख्याच्या वाटेत एक रेझिस्टर असतो, तो वयोमानाने जळतो आणि मग पंखा इंजिन खूप तापेपर्यंत गप्प बसून एकदम जोरात सुरू होतो. मालकाला वाटते की पंखा चालतो आहे.

कूलंटमध्ये मागे कोणी बोअरवेलचे पाणी घातले असण्याची शक्यता असेल, तर तेही पूर्ण काढून कंपनीच्या प्रतीचे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा. आपल्याकडचे जड पाणी आत क्षाराचा थर धरते.

सेमिनरी_हिल्स_०२
२८ मे

सर्वांचे मनापासून आभार. परवा नवतपाच्या दुसऱ्या दिवशी सगळे काम संपले, म्हणून सविस्तर लिहितो.

एसी लावून ऐकले तर डावा पंखा फिरत होता आणि उजवा पूर्ण गप्प होता. रविवारी पहाटे सहाला बंपर उतरवला. डाव्या बाजूला पाने आणि थोडी माती होती. उजव्या बाजूला मात्र आपण वर्णन केली तशीच करड्या रंगाची जाड गोधडी निघाली. तीत सावरीचे काळे बी जसेच्या तसे चिकटलेले होते आणि तो सगळा ऐवज दोन्ही हातांच्या ओंजळीत मावला नाही. उजव्या पंख्याचा रेझिस्टर मधोमध तडकलेला होता, तो बदलला. कूलंटही पूर्ण बदलले.

त्यानंतर एक दिवस मुद्दाम जुनेच, म्हणजे २०डब्ल्यू-५० तेल ठेवून तोच व्हरायटी चौकाचा फेरा संध्याकाळी त्याच वेळी, एसी लावून केला. तापमान ९८ च्या वर गेले नाही. म्हणजे जी उष्णता मी तेलाच्या माथी मारत होतो ती खरोखर बंपरमागे अडकलेली होती. दुसऱ्या दिवशी ए४० मान्यतेचे ५डब्ल्यू-४० भरले. गर्दीतला आकडा ९७ ते ९८ इतकाच राहिला, परंतु सकाळची टकटक पहिल्याच दिवशी थांबली.

फिल्टर उलगडून पाहिला. चुंबकाला काही लागले नाही आणि चकाकणारेही काही दिसले नाही, मात्र तिळाएवढे तपकिरी प्लास्टिकचे दोन कण पाकळ्यांत सापडले. त्यांची काळजी करावी का?

वंगणवाला_हिंगणा
२८ मे

ते कण बहुधा टायमिंग चेनच्या मार्गदर्शक पट्टीचे आहेत. चेन त्या प्लास्टिकवरून सतत घसरत असते आणि वीस-बावीस वर्षांत त्याची झीज होतेच. दोन कणांवरून इंजिन उघडण्याचे कारण नाही. ते दोन्ही कण एका छोट्या पाकिटात घालून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी ऑइल वर्षभराने न बदलता दोन हजार किलोमीटरवरच फिल्टर काढून पाहा. कण वाढले असतील किंवा त्यांच्या सोबत चुंबकाला लागणारा चुरा दिसला, तर मात्र चेन ताणून धरणारे टेन्शनर तपासून घ्यावे लागतील. तोपर्यंत थंड इंजिनावर पहिली दोन-तीन मिनिटे तीन हजार आरपीएमच्या वर जाऊ नका.