'स्रोत सापडला नाही' म्हणजे नेमकं काय सापडलं नाही? पॅकेज सोर्स, डिप्लॉय वगैरेंसाठी मराठी शब्द

धागाकर्ती:

पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं) आणि रिलीजचं (तो वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणं) काम बघते. रात्रपाळीला आमच्याकडे बहुतेक मुलंमुली डिप्लोमा करून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आहेत. इंग्रजी त्यांना वाचता येतं. पण रात्रीचे दोन वाजलेले, पाईपलाईन (बिल्डच्या पायऱ्या आपोआप चालवणारी साखळी) लाल झालेली, लॉग (तिच्या नोंदी) चारशे ओळींचा आणि सकाळी सातच्या आत रिलीज जायचं, अशा वेळी डोकं आपल्याच भाषेत चालतं. म्हणून त्यांच्यासाठी मराठीत एक पुस्तिका लिहायला घेतली आहे: बिल्ड का फुटते, कुठे बघायचं, काय करायचं. पहिल्याच पानावर शब्दाने अडवलं.

'पॅकेज सोर्स'ला, म्हणजे पॅकेजं (तयार कोडचे गठ्ठे) जिथून आणतात त्या ठिकाणाला, मी 'स्रोत' लिहिलं होतं. 'स्रोत सापडला नाही असं आलं तर आधी स्रोत तपासा.' एका मुलाने ते पान समोर ठेवून दीड तास सोर्स कोड तपासला. ब्रांच बरोबर आहे का, कुणी फाईल उडवली का, शेवटचा कमिट कुणाचा. चूक त्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती. 'मुक्तस्रोत' रुळल्यापासून संगणकाच्या बोलण्यात 'स्रोत' म्हटलं की कोडच डोळ्यासमोर येतो.

खरा दोष लॉगच्या एका ओळीत होता. एरर एनयू११०१. त्याचा अर्थ असा: अमुक पॅकेज मिळत नाही, या नावाचं पॅकेज पुढील ठिकाणी नाही, आणि शेवटी एकच नाव, न्यूगेट डॉट ऑर्ग (न्यूगेट हे डॉटनेटची पॅकेजं आणणारं साधन, आणि हे त्याचं सार्वजनिक ठिकाण). ते एकच नाव हेच निदान होतं. आमचं ते पॅकेज कंपनीच्या आतल्या फीडवर (पॅकेजांच्या खाजगी साठ्यावर) असतं आणि शोधलेल्या ठिकाणांच्या यादीत तो फीड नव्हताच. ज्याने पॅकेज वापरायला घेतलं त्याने फीडचा पत्ता स्वतःच्या लॅपटॉपवरच्या न्यूगेट डॉट कॉन्फिगमध्ये घातला होता, प्रोजेक्टबरोबर जाणाऱ्या फाईलमध्ये नाही. त्याच्याकडे सगळं सुरळीत चालत होतं, बिल्ड एजंटला (बिल्ड करणाऱ्या मशीनला) तो पत्ता कुणी सांगितलाच नव्हता.

तर पॅकेज सोर्सला काय म्हणावं? 'डिप्लॉय'चाही (नवी आवृत्ती सर्व्हरवर नेऊन चालू करणं) प्रश्न आहे, त्याकडे नंतर येते.

प्रतिसाद:

आधी शुद्धलेखनाचं, कारण पुस्तिका छापायची आहे. शब्द 'स्रोत' असाच आहे, तुम्ही बरोबर लिहिला आहे. 'स्त्रोत' हे रूप सर्रास दिसतं, पण तो मधला 'त' घुसलेला आहे. मूळ धातू 'स्रु', म्हणजे वाहणे. 'स्राव' त्यातलाच. 'स्तोत्र' वेगळं, ते स्तुतीचं.

आणि याच कारणाने मला तो शब्द इथे पटत नाही. स्रोत वाहतो. झऱ्याला, नदीला, उत्पन्नाला तो शोभतो. पॅकेजं वाहत येत नाहीत, कुठेतरी रचून ठेवलेली असतात आणि मागितली की मिळतात. ही साठवणीची जागा झाली. भांडार म्हणा, आगार म्हणा, कोठार म्हणा.

प्रतिसाद:

'आगार' नको, एसटी आठवते. 'भांडार' म्हटलं की वस्त्रभांडार नाहीतर ग्राहक भांडार, म्हणजे दुकान. मला 'कोठी' आवडेल. आमच्या घरच्या लग्नांत आत्या कोठीवर बसायची. कार्यालयातल्या एका खोलीत शिधा, तूप, गूळ, नारळ सगळं तिच्या ताब्यात, किल्ली कमरेला. आचारी यादी पाठवायचा आणि ती मोजून द्यायची. आचाऱ्याने 'साखर नाही' म्हटलं की आत्या पहिल्यांदा विचारायची, 'नाही म्हणजे काय? संपली, की तू विचारलीच नाहीस, की दुसऱ्याच खोलीत विचारलंस?' तुमच्या लॉगलाही हेच विचारायला हवं ना?

धागाकर्ती:

आत्यांचा प्रश्न मी जसाच्या तसा पुस्तिकेत घेते आहे, परवानगी असावी. रात्रपाळीचं निम्मं काम तेवढंच आहे.

फक्त एक बारकावा. न्यूगेटच्या कॉन्फिगमध्ये जो 'सोर्स' लिहितात तो स्वतः कोठी नसतो. एक नाव आणि त्यापुढे एक पत्ता, एवढंच. कोठी दुसरीकडे असते. म्हणून मी 'कोठार' आणि 'कोठाराचा पत्ता' असे दोन शब्द ठेवायचं म्हणते. ('कोठी' घेतला असता, पण विदर्भाकडच्या दोघांना तो ऐकून धान्याची मातीची कोठी आठवली आणि एकाला बंगला.) असं वेगळं केलं की चुका आपोआप वेगळ्या पडतात.

एनयू१३०१ आलं, तर कोठारापर्यंत पोचताच आलं नाही. पत्ता चुकला, मधला प्रॉक्सी (नेटवर्कमधला मध्यस्थ सर्व्हर) अडवतोय, नाहीतर कोठारच बंद आहे. एनयू११०१ असेल तर कोठारात जाऊन आलो, त्या नावाचा जिन्नस तिथे नाही. आणि एनयू११०२ म्हणजे जिन्नस आहे, पण मागितलेली आवृत्ती नाही. इथे तर लॉग जवळची आवृत्ती कुठली आहे तेही सांगतो, ते वाचायचं सोडून मुलं पुन्हा पुन्हा 'रन अगेन' दाबतात. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'अनेबल टू' दिसतं आणि घाईत तिन्ही सारखेच वाटतात. मराठीत 'पोचलो नाही', 'मिळालं नाही' आणि 'हवं ते मिळालं नाही' यांत कुणाची गल्लत होत नाही.

प्रतिसाद:

दारावरच्या चुकाही अशाच वेगळ्या करा. ४०१ आणि ४०३ या सर्व्हरकडून येणाऱ्या दोन आकड्यांना सगळे सरसकट 'ॲक्सेसचा प्रॉब्लेम' म्हणतात. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही: टोकन (ओळखीची डिजिटल खूण) दिलंच नाही किंवा त्याची मुदत संपली. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण मज्जाव आहे. पहिल्यात नवं टोकन काढायचं. दुसऱ्यात कितीही नवी टोकनं काढली तरी उपयोग नाही, फीडच्या मालकाकडून परवानगी घ्यावी लागते.

आणि ४०४ वर ('सापडलं नाही') डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हेही लिहा. एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारावर) खाजगी पॅकेज असेल आणि तुम्ही लॉगिन केलेलं नसेल, तर 'मज्जाव' असं न म्हणता ते 'असं काही नाहीच' म्हणून सांगतं. बाहेरच्या माणसाला घरात काय आहे तेही कळू द्यायचं नाही, असा तो नियम आहे. मी एकदा अख्खी दुपार पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग तपासण्यात घालवली, आणि अडचण टोकनची होती.

प्रतिसाद:

मी लिनक्स सर्व्हरवाला. 'मिरर'ला (कोठाराची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) 'आरसा' तेवढं करू नका, मिरर मिररच राहू द्या. पण एका गोष्टीला मराठीत तयार शब्दप्रयोग आहे, तो वापराच: दप्तरी दाखल करणे. ३१ डिसेंबर २०२१ ला सेंटओएस ८ ची (ही लिनक्सचीच एक प्रणाली) मुदत संपली आणि पुढच्या महिन्याभरात त्याची कोठारं नेहमीच्या मिररवरून उचलून 'व्हॉल्ट' नावाच्या जुन्या संग्रहात हलवली गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत ज्यांच्या डॉकरफाईलमध्ये (कंटेनरची इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाईलमध्ये) सेंटओएस ८ होतं त्यांच्या बिल्ड एकाएकी फुटल्या. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, आणि 'ॲपस्ट्रीम' कोठाराची माहिती उतरवता येत नाही म्हणून एरर. लोक नेटवर्कवाल्यांशी भांडत बसले. कोठार बंद पडलं नव्हतं, दप्तरी दाखल झालं होतं. खरा उपाय म्हणजे अजून सेवेत असलेली प्रणाली घेणं, तोवर नड भागवायला जुन्या दप्तराचा पत्ता द्या. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांचंही तसंच होतं.

दुसरा शब्द: 'चेकसम'ला (फाईलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) 'ताळा'. शाळेत गणित झालं की 'ताळा करून पाहा' असायचं ना, तोच. आलेल्या फाईलचा ताळा आणि यादीत लिहिलेला ताळा जुळत नाही, म्हणजेच ॲप्टचा (डेबियनचं पॅकेजं आणणारं साधन) 'हॅश सम मिसमॅच'.

धागाकर्ती:

'ताळा' वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलवरच्यांना वाचून दाखवलं. लॉक फाईल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या आणि ताळे नोंदवणारी फाईल) वापरणाऱ्यांना न्यूगेटमध्ये एनयू१४०३ येतो, तोही हाच. मुलं 'हॅश' म्हणतात खरी, पण त्याचं करायचं काय ते कळत नाही. 'ताळा जुळत नाही' म्हटलं की विचारावंच लागतं: पॅकेज बदललं, की वाटेत खराब झालं, की कुणी त्याच नावाने दुसरंच ठेवलं?

प्रतिसाद:

त्याच नावाने दुसरंच ठेवलं तर त्याला मराठीत तोतया म्हणतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, तसा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सन या सुरक्षा संशोधकाने हे प्रसिद्ध केलं: कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांची नावं शोधून काढली, त्याच नावांची पॅकेजं वरच्या आवृत्तीचा आकडा देऊन सार्वजनिक कोठारात ठेवली, आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या बिल्डनी ती उचलली. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही त्यांत होत्या. इंग्रजीत त्याला 'डिपेंडन्सी कन्फ्यूजन' म्हणतात. त्यात गोंधळ कळतो, फसवणूक कळत नाही. 'तोतया पॅकेज' म्हटलं की सावध व्हायला होतं.

पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) वापरणाऱ्यांनी 'एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल' (जादा कोठाराचा पत्ता) लिहिताना हे ध्यानात ठेवावं. 'आधी आपलं कोठार बघ, नाही मिळालं तर बाहेर जा' असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दोन्ही कोठारं समान धरली जातात आणि वरची आवृत्ती जिंकते. न्यूगेटला ६.० पासून कुठलं पॅकेज कुठल्या कोठारातून घ्यायचं हे बांधून देता येतं.

धागाकर्ती:

हे पान वेगळं करते, ते रात्रपाळीपुरतं नाही, सगळ्यांनी वाचायला हवं.

आता डिप्लॉय. मसुद्यात मी 'तैनात करणे' लिहिलं आहे, हिंदीत चालतं म्हणून. पण मोठ्याने वाचलं की कानाला बंदोबस्त लागतो.

प्रतिसाद:

लागणारच. मराठीत 'तैनात' फौजेला आणि पोलिसांना. १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, तेव्हापासून तो शब्द आपल्या मनात ठाण मांडून बसलेल्या बाहेरच्या माणसांचा आहे. प्रोग्रॅमला तो चिकटत नाही. आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात सगळे 'चढवली' म्हणतात. 'रात्री नवी आवृत्ती चढवली, सकाळी उतरवली.' आणि बिल्ड आमच्याकडे फुटत नाही, गंडते.

प्रतिसाद:

'चढवली' फाईलला ठीक. पण फाईल सर्व्हरवर गेली म्हणजे काम झालं असं नाही. नवीन आवृत्ती उभी राहून येणाऱ्या विनंत्या घ्यायला लागली पाहिजे. त्याला 'रुजू होणे' म्हणावं. नेमणुकीचं पत्र निघालं तरी माणूस जोवर कामावर रुजू होत नाही तोवर जागा भरली असं कुणी म्हणत नाही.

धागाकर्ती:

दोन्ही घेते, कारण दोन्ही लागतात. कुबरनेटीसमध्ये (कंटेनर, म्हणजे बंद डब्यातले प्रोग्रॅम, सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणारे दोन एरर म्हणजे 'इमेजपुलबॅकऑफ' आणि 'क्रॅशलूपबॅकऑफ'. दोन्हींच्या शेवटी बॅकऑफ, दोन्ही लाल, आणि नवीन मुलं दोन्हींना 'डिप्लॉय फेल' म्हणतात. पहिल्यात आवृत्ती चढलीच नाही: इमेज (ज्यापासून कंटेनर उभा राहतो तो साचा) कोठारातून ओढता आली नाही. पुन्हा तेच प्रश्न, पत्ता बरोबर आहे का, ओळख पटली का, त्या टॅगची (आवृत्तीच्या चिठ्ठीची) इमेज तिथे आहे का, की कोटा संपला? (डॉकर हब या इमेजांच्या सार्वजनिक कोठाराने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न करता ओढणाऱ्यांना सहा तासांत १०० वेळा अशी मर्यादा घातली. मोजणी आयपी पत्त्यावर होती. ऑफिसातले सगळे एजंट एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असले की रेशन सगळ्यांत मिळून संपतं आणि ४२९ ('फार विनंत्या झाल्या') येतो.) दुसऱ्यात आवृत्ती चढली, पण रुजू होताना पुन्हा पुन्हा पडते आहे. तिथे कोठाराकडे बघायचंच नाही, कंटेनरचा स्वतःचा लॉग वाचायचा, आधीच्या पडलेल्या कंटेनरचा. बाहेर पडतानाचा आकडा १३७ असेल तर त्याला बाहेरून मारलं आहे, बहुतेक वेळा मेमरी पुरली नाही म्हणून. १२७ असेल तर चालवायला सांगितलेली आज्ञाच आत नाही.

'चढली नाही' की 'रुजू झाली नाही', एवढं फोनवर सांगितलं तरी मला झोपेतून उठल्यावर कुठे बघायचं ते कळेल.

प्रतिसाद:

'रिस्टोअर'चं काय केलंत? 'पुनर्स्थापना' तर लिहिलं नाही ना?

धागाकर्ती:

लिहिलं होतं, खोडलं. तिथे पुन्हा काही स्थापन होत नाही, बिल्डच्या आधी लागणारं सामान गोळा होतं. 'जमवाजमव' लिहिलं आहे. मुलांनी तो शब्द एका दिवसात उचलला. 'ताई, जमवाजमवीतच अडकलंय' असा मेसेज परवा आला आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

कॅशेचा (एकदा उतरवलेलं पुन्हा वापरायला मशीनवरच ठेवलेला साठा) शब्द मात्र अजून मिळालेला नाही. तो लागणार, कारण कॅशे दोष झाकते. आमच्या जुन्या एजंटवर आतलं पॅकेज आधीच उतरवलेलं होतं, त्यामुळे पत्ता नसतानाही तिथे बिल्ड तीन आठवडे हिरवी होती. नवा एजंट आला त्या रात्री फुटली.

प्रतिसाद:

फडताळ. कोठारात रोज कोण जातं? हाताशी लागणारं भिंतीतल्या फडताळात असतं. मागे राहिलेलं शिळंही तिथेच निघतं.

धागाकर्ती:

फडताळ! पान तीन, पहिली ओळ आत्ताच बदलली: 'जुन्या एजंटवर चालतं आणि नव्यावर फुटतं, तर आधी फडताळ रिकामं करा आणि मग जमवाजमव करून बघा.' खाली आज्ञा दिली आहे, डॉटनेट न्यूगेट लोकल्स ऑल, पुढे दोन आडव्या रेघा आणि क्लिअर. आज रात्री पाळीवर कोण आहे बघते, त्याच्याकडून एकदा करवून घेते.