बोका पहाटे पावणेचारला उठवतो, झोप कशी सांभाळावी?

अबोली

फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. बोका दोन वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन ४.२ किलो, घराबाहेर जात नाही. रोज पहाटे पावणेचारला उशाशी येऊन ओरडतो, मग पांघरुणाखालच्या पायांवर झडप घालतो. साडेपाचला दुसरी फेरी. दार लावून घेतले तर दार ओरबाडतो आणि शेजारची माणसे जागी होतात.

खाणे असे: सकाळी साडेसातला ३० ग्रॅम सुका खाऊ, संध्याकाळी सातला ३० ग्रॅम, दुपारी सासूबाई उकडलेल्या बांगड्याचे तुकडे घालतात. पहाटेचे ओरडणे फार झाले की घरातले कोणीतरी उठून मूठभर खाऊ देते. दिवसभर तो झोपून असतो. सकाळी आठची शिफ्ट वेर्ण्याला आहे, त्यामुळे गाडी चालवताना डोळे मिटतात. सासूबाईंचे म्हणणे की रात्री त्याला खाली सोडावे. नेमके काय बदलावे?

मांडवीकाठ

अबोलीताई, निम्मे उत्तर तुमच्या वेळापत्रकातच आहे. संध्याकाळी सात ते सकाळी साडेसात म्हणजे साडेबारा तास पोट रिकामे. शिकार करून जगणारे मांजर दिवसरात्रीत आठ-दहा वेळा थोडे थोडे खाते. एका उंदरातून त्याला साधारण ३० कॅलरीच मिळतात, म्हणून निसर्गाने त्याला पुन्हा पुन्हा शिकारीला उठणारे केले. त्यात मांजर खरे तर मध्यरात्रीचे जनावर नव्हे, तिन्हीसांजेचे आणि पहाटेचे. भूक आणि अंगातली पहाट एकाच वेळी जागी होतात.

आधी वजनकाटा घ्या. घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या बोक्याला दिवसाला २०० ते २२० कॅलरी पुरतात. खाऊच्या पाकिटावर किलोला किती कॅलरी ते छापलेले असते. ३८०० असतील तर ५५ ग्रॅममध्ये दिवस भागतो. तुम्ही ६० ग्रॅम, वर बांगडा, वर पहाटेची मूठ देता. म्हणजे तो अन्नाला कमी पडत नाही, अन्नाची वेळ चुकते आहे. काटे काढलेला ४० ग्रॅम बांगडा दिला तर सुका खाऊ ढोबळमानाने १५ ग्रॅम कमी करा. उरलेले ४० ग्रॅम असे वाटा: सकाळी १०, रात्री साडेदहाला २०, आणि पहाटे घड्याळाच्या डब्यातून १०.

संध्याकाळचा सातचा वाडगा एकदम साडेदहावर नेऊ नका, नाहीतर साडेतीन तास दुसरे रडगाणे सुरू होईल. रोज २० मिनिटांनी पुढे सरकवा, दहा-अकरा दिवसांत जमते.

घड्याळाचा डबा म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाऊ सोडणारे यंत्र. घेताना विजेवर आणि सेलवर दोन्हींवर चालणारेच घ्या. पावसात वीज गेली की नुसते विजेचे यंत्र झोपून राहते आणि नेमकी तीच रात्र सगळे शिकवलेले मोडते. त्याची पहिली वेळ पावणेचारच्या आधीची हवी, म्हणजे साडेतीन. सगळा मुद्दा इथेच आहे. खाऊ ओरडण्याच्या *आधी* पडला तर तो डब्याची वाट बघायला शिकतो. ओरडल्यानंतर पडला तर ओरडायला शिकतो. आठवडाभर साडेतीन ठेवा, मग दर तीन दिवसांनी १५ मिनिटे पुढे. सहापर्यंत पोचायला साधारण महिना लागतो. मध्येच जुन्या वेळी ओरडू लागला तर एक पाऊल मागे येऊन आठवडा थांबा. डबा झोपायच्या खोलीपासून शक्य तितका लांब, स्वयंपाकघराच्या टोकाला ठेवा.

जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत सुका खाऊ दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, त्याला बुरशीचा वास येतो, आणि मग तो न खाता पुन्हा तुमच्या उशाशी. यंत्रात दोन दिवसांपुरताच भरा, बाकी घट्ट झाकणाच्या डब्यात.

कुळागर

वरचे खाण्याचे गणित बरोबर आहे, पण खेळ नसेल तर ते अर्धेच चालेल. मांजराच्या अंगात एक क्रम बसलेला असतो: शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप. रात्री साडेदहाचा वाडगा जर शिकारीनंतर आला, तर पुढची झोप आपोआप येते. नुसता वाडगा ठेवला तर पोट भरते, अंगातली शिकार तशीच राहते आणि पहाटे ती तुमच्या पायांवर उतरते.

सवादहाला १० ते १५ मिनिटे खेळवा. महागडे खेळणे लागत नाही. माडाच्या झावळीचा एक लांब हीर, त्याला हातभर सुती दोरा, टोकाला कापडाची चिंधी किंवा कोंबडीचे पीस. हीर लवचिक असल्याने चिंधी जिवंत असल्यासारखी थरथरते. मोठ्या माणसांची नेहमीची चूक म्हणजे चिंधी मांजराच्या तोंडासमोर नाचवणे. कोणताही उंदीर मांजराकडे धावत येत नाही. चिंधी त्याच्यापासून *दूर* सरकली पाहिजे, खुर्चीच्या पायामागे लपली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे. तो दबा धरून बूड हलवू लागला की ओळखा, खेळ लागला. शेवटची दोन मिनिटे वेग कमी करत आणा, चिंधी त्याला पकडू द्या, आणि पकडल्याबरोबर वाडगा पुढे. संध्याकाळी कामावरून आल्यावर असाच आणखी एक दहा मिनिटांचा फेरा करा. सासूबाईंना जमले तर दुपारी चारला झोपेतून उठवून पाच मिनिटे खेळवायला सांगा. दिवसाची झोप थोडी तुटली की रात्रीची लांबते.

लाल दिव्याचा (लेझरचा) ठिपका वापरणार असाल तर शेवटी तो खऱ्या खाऊच्या दाण्यावर आणून थांबवा. ठिपका कधीच हाती लागत नाही, आणि काही मांजरे त्यानंतर भिंतींवरच्या सावल्या शोधत तासन् तास येरझाऱ्या घालतात. खेळ संपला की दोरा कपाटात, कुलूप नसले तरी कडी लावून. गिळलेला दोरा आतड्याला घड्या घालतो आणि पोट फाडून काढावा लागतो.

हाताने किंवा पांघरुणाखाली पाय हलवून त्याला खेळवण्याची सवय घरात कोणाला असेल तर ती आजपासून बंद. दुपारी जो पाय खेळणे असतो, तो पहाटे वेगळा आहे हे त्याला कळणार नाही.

राजांगण

आता कठीण भाग. पहाटेची ती मूठ. मांजराला रोज खाऊ मिळत असेल तर ते नियमाने मागते, पण कधी मिळतो कधी मिळत नाही असे झाले की ते कितीही वेळ मागत राहते, कारण "आणखी थोडे ओरडलो तर मिळेल" हेच त्याला शिकवले गेले आहे. दहाव्या रात्री हार मानून दिलेली एक मूठ आधीच्या नऊ रात्री पाण्यात घालवते. रागावणे, ढकलणे, दिवा लावणे, "गप रे" म्हणणे हेही त्याच्या लेखी उत्तरच. ओरडला तर तुम्ही दगड: हालचाल नाही, नजर नाही.

पहिले काही दिवस ओरडणे *वाढेल*. हे अपेक्षित आहे, उपाय चुकल्याची खूण नव्हे. जे बटण रोज चालत होते ते अचानक चालेनासे झाले की माणूसही आधी जोरात दाबतो. साधारण आठवडाभर जोर राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतो, अट एकच, घरातल्या एकाही माणसाने मध्ये उठायचे नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पंधरा दिवस त्रास होईल. सांगितले की माणसे समजून घेतात. सुरुवात जोडून सुटी आली असेल तेव्हा करा, वेर्ण्याची शिफ्ट डोक्यावर असताना नको.

दाराबद्दल: ओरबाडतो तिथे बाहेरून, खालच्या ६० सेंटीमीटरपर्यंत दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा, पंज्याला चिकटणे त्याला आवडत नाही. दार चौकटीत खडखडत असेल तर फटीत फेल्टची पट्टी. निम्मा आवाज खडखडण्याचाच असतो. पण बाहेर त्याच्यासाठी मातीचा ट्रे, पाणी, उंच बसायची जागा आणि तुमच्या वासाची जुनी चादर हवी. नुसते दार लावणे ही शिक्षा झाली आणि घाबरलेले मांजर अधिक ओरडते. अंगावर पाण्याचा फवारा मारू नका; त्याने सवय जात नाही, तुमच्यावरचा विश्वास जातो.

साडेपाचच्या फेरीचे कारण वेगळे असू शकते. तुमच्याकडे पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, किती वाजता येतो? भोंपू वाजला की घरात कोणीतरी उठते, दार उघडते, पाव घेते, चहा टाकते, आणि बोक्याला काहीतरी मिळते. मांजरे अशा खुणा अचूक पकडतात. मग भोंपू लांबच्या वाड्यावर वाजला तरी ती उठतात. पाव घेणे आणि बोक्याचा वाडगा यांत किमान अर्धा तास अंतर ठेवा. उजेडाचेही तसेच. गोव्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस ही तक्रार वाढते. पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावा.

सांतेर

वरचे सगळे करण्याआधी एक गोष्ट तपासा: हे वागणे हळूहळू आले की अचानक? अचानक आले असेल तर आधी जनावरांचा डॉक्टर.

तुमचा बोका आहे म्हणून मुद्दाम लिहिते. तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसत असेल, कुंथत असेल, लघवी थेंबभर किंवा काहीच होत नसेल आणि ओरडत असेल, तर ती झोपेची तक्रार नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खड्यांनी किंवा चिकट गाळाने बुजतो, आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळची वाट बघू नये. नुसता सुका खाऊ खाणाऱ्या बोक्याला पाणी कमी पडते. साडेदहाच्या खाऊत दोन-तीन चमचे कोमट पाणी घाला, पोटही जास्त वेळ भरलेले राहते.

पाऊस सुरू झाला की पिसवा. रात्री शांत झाल्यावर त्या जास्त जाणवतात आणि मांजर झोपेतून दचकून उठते. बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा, निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. औषध मांजरांचेच घ्या. कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या काही औषधांत परमेथ्रीन असते, त्याने मांजराला झटके येऊन ते मरते. घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तशीच प्राणघातक. शांत झोपेसाठी निलगिरीचे तेल, कापूर यांचे उपाय सांगणारे भेटतील, ते ऐकू नका. मांजराचे यकृत हे पदार्थ निचरू शकत नाही. फिनेलही त्याच कारणाने नको, ट्रे साबण आणि गरम पाण्याने धुवा.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: भाटी, म्हणजे मादी मांजर, असेल आणि नसबंदी झाली नसेल तर रात्रीचे गळा काढून ओरडणे माजाचे असते. तो साधारण आठवडा टिकतो, गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत परत येतो. त्याला खेळ-खाऊ लागू पडत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते, चार-सहा महिन्यांच्या वयापासून करता येते. आणि दहा वर्षांवरचे मांजर रात्री घरभर ओरडत फिरू लागले, खाते भरपूर पण वाळते, तर थायरॉईड, मूत्रपिंड आणि रक्तदाब तपासून घ्या.

अबोली

धन्यवाद, अचानक नाही, वर्षभरात वाढत गेले. लघवी व्यवस्थित आहे. खाली सोडण्याबद्दल कोणी लिहिले नाही. आणि दुसरे मांजर आणले तर?

सांतेर

सोडू नका. बाहेरचा बोका रात्री भांडतो, चावतो, त्यातून गळू होतात आणि रोग लागतात. भटके कुत्रे, रस्त्यावरच्या गाड्या. पावसाळ्यात घोणस आणि मण्यार हे विषारी साप बहुतेक रात्री बाहेर पडतात आणि मांजर हलणाऱ्या वस्तूवर पंजा मारल्याशिवाय राहत नाही. कोणी उंदरांचे औषध घातले असेल तर ते खाल्लेला उंदीर खाऊनही मांजराला विषबाधा होते. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तरी लस चुकवायची नाही, आणि पायाला दात लागला तर साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवून आरोग्य केंद्रात दाखवायचे.

सासूबाईंना सांगा, त्यांचा बांगडा चालू राहील, फक्त मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता, आणि वजन करून.

कुळागर

दुसरे मांजर झोपेसाठी आणू नका. दोघांची ओळख व्हायला कित्येक आठवडे जातात आणि त्या रात्री आत्तापेक्षा वाईट असतात. हा व्यवस्थित झोपू लागला की मग विचार करा.

अबोली

शेवटचे एकच. शेजारच्यांकडे असाच डबा होता, त्यांच्या मांजराने आठवड्यात पाडून झाकण उघडले.

मांडवीकाठ

हलका डबा पडतोच. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा ४५ सेंटीमीटर चौकोन कापून घ्या, डब्याची बैठक त्याला चार स्क्रूंनी आवळा. स्क्रू खाऊच्या कप्प्यात शिरणार नाहीत एवढे आखूड घ्या. मांजर स्वतः त्या प्लायवर उभे राहून खाते, म्हणजे त्याचेच वजन डबा धरून ठेवते. झाकणावरून रुंद इलॅस्टिकचा पट्टा. खाऊ पडतो त्या तोंडातून पंजा आत जात असेल तर तिथे प्लॅस्टिकच्या पाइपचा १० सेंटीमीटरचा वाकडा तुकडा बसवा. दाणे घसरून येतात, पंजा वळत नाही. आणि पहिले तीन दिवस दिवसाच चालवून बघा, दाणे अडकतात का, मोटरच्या आवाजाला तो घाबरतो का. १० ग्रॅम म्हणून लावलेले यंत्र बऱ्याचदा ७ किंवा १४ सोडते, तेही काट्यावर पाच वेळा तपासा.