आर्चर सी७ वर ओपनडब्ल्यूआरटी १८.०६ वरून २४.१० : जुन्या सेटिंग ठेवायच्या की नाही?

नेरुळची_मावशी

मंडळी, घरी टीपी-लिंकचा आर्चर सी७ राउटर आहे. खालच्या स्टिकरवर व्हर्जन २.० छापलंय. भाच्याने बंगळुरूला जाण्याआधी त्यात ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी चालणारं लिनक्सवरचं मोफत फर्मवेअर, टाकून दिलं होतं. लुसीच्या, म्हणजे ब्राउझरमधल्या राउटरच्या सेटिंगच्या, पानावर १८.०६ दिसतं. मी त्याला हात लावला नाही, कारण चालतंय. सिडकोची जुनी इमारत आहे, तरी स्वयंपाकघरापर्यंत रेंज येते.

आता भाचा फोनवर म्हणतो, "मावशी, फार जुनं झालं, अपग्रेड कर." सांगून मोकळा! मला धास्ती अशी की नेट आमच्या केबलवाल्याचं आहे, युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं. ते उडालं तर सोमवारपर्यंत तिकडे कुणी फोन उचलत नाही. संध्याकाळी माझ्याकडे नववी-दहावीची मुलं गणिताला येतात, त्यांच्यासाठी वेगळं वायफाय केलेलं आहे. शिवाय धाकट्याच्या मोबाइलचं नेट रात्री साडेदहाला बंद व्हावं असा नियम भाच्याने लावला होता. तो नियम हल्ली चालत नाही. अपग्रेड केल्यावर तोही सुधारेल असं वाटतंय.

तर, २४.१० ची फाइल चढवताना 'सेटिंग जपून ठेवा' ही खूण ठेवू की काढू? लिनक्स येत नाही, पण सांगाल ते अक्षर न् अक्षर टाइप करीन.

घोडबंदरचा_राजू

ताई, कशाला हा खटाटोप? नवा राउटर घ्या, ॲपवरून पाच मिनिटांत सेट होतो. त्या सी७ ला वायफाय ६ पण नाही.

वागळे_वायरमन

राजूभाऊ, नव्या राउटरच्या कंपनीचे अपडेट किती वर्षं येतात ते एकदा बघून घ्या, मग बोलू. सी७ च्या व्हर्जन २ मध्ये १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे, म्हणून तो आजही २४.१० घेतो. ४ एमबी फ्लॅशवाले बिचारे कधीच मागे पडले.

मावशी, खूण काढा. यात 'बघू, जमलं तर' असं काही नाही.

१८.०६ मध्ये तुमचा राउटर 'एआर७१एक्सएक्स' नावाच्या शाखेत होता. ती शाखा १९.०७ नंतर संपली. त्याच चिपसाठी आता 'एटीएच७९' आहे. यंत्र तेच, पण आतल्या रेडिओंचे पत्ते आणि बोर्डाचं नाव बदललं. त्यात २२.०३ पासून फायरवॉल आयपीटेबल्स सोडून एनएफटेबल्सवर गेली. जुन्या सेटिंग आणणं म्हणजे नव्या घराला जुन्या घराच्या किल्ल्या लावत बसणं. एखादी लागेलही, पण कुठली ते शोधण्यात रविवार जाईल. २४.१० मधल्या छोट्या आवृत्त्यांवर जाताना मात्र खूण ठेवायला हरकत नाही.

भाचा बरोबर बोलतोय. २०२० च्या सुरुवातीला पॅकेज उतरवणाऱ्या ओपीकेजीत चेकसम (फाइल अस्सल आहे का ते ताडायचा आकडा) नीट न तपासण्याची चूक सापडली. ती १८.०६.७ मध्ये दुरुस्त झाली, तुमचं त्याआधीचं असेल तर उघडंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये डीएनएसमास्कमधल्या त्रुटी बाहेर आल्या, आणि घरातल्या प्रत्येक मोबाइलला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता मिळवून देणारा तोच असतो. शिवाय डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा हवी तर ती १९.०७ पासून पुढेच मिळते.

आता काम. आधी बॅकअप घ्या, पण परत चढवण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. ती दाबलेली फाइल सेव्हन-झिपने उघडा. आत 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' आहे. नेटवर्क, वायरलेस, फायरवॉल, डीएचसीपी, सगळं साध्या मजकुरात आहे, नोटपॅडमध्ये दिसेल. केबलवाल्याचा पासवर्ड 'नेटवर्क' फाइलमध्ये उघडाच सापडेल. तो वहीत लिहा, लॅपटॉपवर ठेवून भागणार नाही. वायफायची नावं आणि पासवर्डही तसेच उतरवा, म्हणजे मुलांना नव्याने टाकायला लागणार नाहीत.

फाइल निवडताना व्हर्जन बघा. व्ही२, व्ही४, व्ही५ यांच्या फाइली वेगवेगळ्या आहेत. व्ही१ असता तर मीच नको म्हटलं असतं, त्याचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ ओपनडब्ल्यूआरटीत चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटी आधीच आहे, त्यामुळे 'सिसअपग्रेड' फाइल घ्या. 'फॅक्टरी' नावाची कंपनीच्या फर्मवेअरवरून येणाऱ्यांसाठी असते. शा-२५६ चेकसम ताडून पाहा. बोर्डाचं नाव बदलल्यामुळे राउटर 'ही फाइल माझी नाही' असं म्हणू शकतो. व्हर्जन आणि चेकसम जुळले असतील, तरच एसएसएचमधून (राउटरला टाइप करून आज्ञा देण्याची सोय) सक्तीने द्या, सेटिंग न ठेवण्याच्या पर्यायासकट. ती टाइप करायची ओळ व्यनिमध्ये (खासगी निरोपात) पाठवतो.

लॅपटॉप पिवळ्या लॅन पोर्टला केबलने जोडा. हे विसरू नका, कारण नव्या ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय सुरुवातीला बंदच असतं. लोकांना वाटतं राउटर मेला. तो १९२.१६८.१.१ वर शांत बसलेला असतो. आणि पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर ठेवा.

अगदीच अडलं तर टीएफटीपी आहे, म्हणजे बिघडलेल्या राउटरला केबलवरून फाइल देऊन सावरायची वाट. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, मागचं बटण दाबून धरून राउटर चालू करायचा, तो स्वतःच फाइल मागून घेतो. तिथे मात्र फॅक्टरी फाइल लागते, आणि तिचं नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या विकीवर तुमच्या मॉडेलच्या पानावर दिलंय तसंच हवं. ती आधीच उतरवून ठेवा. नेट गेल्यावर कुठून आणणार?

धाकट्याचं प्रकरण वेगळं आहे. ते अपग्रेडने सुटणार नाही.

कळव्याचा_मिलिंद

वायरमनदादांच्या यादीत एक भर. आमच्या इकडे केबलवाले मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. भाच्याने वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टला जुन्या राउटरचा मॅक चिकटवला असेल तर तोही 'नेटवर्क' फाइलमध्ये मिळेल. तो नव्याने टाकला नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही लाइन लागत नाही आणि माणूस पासवर्डलाच दोष देत बसतो.

नेरुळची_मावशी

मॅक खरंच आहे हो त्यात! लिहून घेतला. वायरमनदादा, धाकट्याचं काय म्हणत होतात?

वागळे_वायरमन

भाच्याचा नियम मोबाइलच्या मॅकवर असणार. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक देतो. चिरंजीवांनी मोबाइल बदलला असेल, नाहीतर जुना अपडेट झाला असेल. नियम जागेवरच आहे, पण तो ज्याला ओळखत होता ते नावच आता कुणाचं नाही. मुलाने काही केलंय असं लगेच धरू नका. केलंही असेल, ते तुमचं तुम्ही बघा.

दुसरं म्हणजे वेळेचे फायरवॉल नियम आधीपासून चालू असलेलं कनेक्शन तोडत नाहीत. साडेदहाच्या आधी लावलेला व्हिडिओ पुढे चालतच राहतो.

म्हणून माणसावर नियम लावू नका, वायफायवर लावा. ट्यूशनच्या मुलांचं जे वेगळं वायफाय आहे तेच धाकट्याला द्या, आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदला. तो त्याला सांगू नका. रात्री साडेदहाला ट्यूशनचं वायफाय बंद, सकाळी चालू. रात्री तुमच्याकडे गणिताला कोण येतंय? 'शेड्यूल्ड टास्क'मध्ये दोन ओळी लागतात, त्याही पाठवतो.

मात्र अपग्रेडनंतर पहिल्यांदा टाइमझोन आशिया/कोलकाता करा. नव्याने टाकल्यावर राउटर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो, आणि त्याचे साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार वाजलेले असतात. आत घड्याळाची बॅटरीही नाही. लाइट जाऊन आली आणि नेट लागलंच नाही, तर त्याला वेळ कळत नाही.

नेरुळची_मावशी

झालं! मिलिंदचा मॅक टाकल्यावर लाइन एका फटक्यात लागली. धाकटा काल साडेदहाला बाहेर आला, "नेट गेलं का?" मी म्हटलं, केबलवाल्याला विचार.

जाहिराती अडवणारं मात्र गायब झालंय. आणि लुसीत 'अपडेट्स'च्या यादीत बरीच पॅकेजं दिसतायत. सगळी एकदम टाकून देऊ का?

वागळे_वायरमन

नको! यादीतलं सरसकट काही चढवू नका. मूळ सिस्टिम फ्लॅशच्या फक्त-वाचायच्या भागात असते. तिथलं पॅकेज अपडेट केलं की नवी प्रत वरच्या थरात जाते, जुनी तिथेच राहते, जागा दोन्ही खातात. गाभ्याचं एखादं पॅकेज बाकीच्यांशी जुळलं नाही तर पुन्हा टीएफटीपी. ॲडब्लॉक तेवढं एकटं टाका, सोबत त्याचं लुसीचं पान. वरून टाकलेली पॅकेजं फ्लॅश करताना जातातच, सेटिंग ठेवल्या तरी. त्यासाठी 'अटेंडेड सिसअपग्रेड' टाकून ठेवा, पुढल्या वेळी सर्व्हर तुमच्या पॅकेजांसकट फाइल बनवून देईल.