बंदराच्या गावाची नगरपंचायत करावी का? माझं मत : आत्ता नको

खाडीकाठचा

आमच्या गावाची नगरपंचायत करा, म्हणजे ग्रामपंचायत जाऊन छोट्या शहराचा कारभार आणा, ही मागणी पुन्हा जोर धरते आहे. लॉजवाले, बाजारपेठेतले दुकानदार, निम्मे पंचायत सदस्य, सगळे एका सुरात बोलताहेत. माझा विरोध आहे. तो का, ते एकदा नीट मांडतो, म्हणजे कोणाला खोडायचं असेल तर खोडता येईल.

पहिला मुद्दा राज्यघटनेतला. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने दोन याद्या आल्या. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची, तिच्यात २९ विषय. नगरपालिकांसाठी, म्हणजे नगरपंचायतीसाठीही, बारावी, तिच्यात १८. अकरावीत पाचव्या क्रमांकावर मत्स्यव्यवसाय आहे. बारावी काढून वाचा : रस्ते, पाणी, बगीचे, स्मशानभूमी, कोंडवाडे, कत्तलखाने, सगळं सापडेल. मत्स्यव्यवसाय सापडणार नाही. ज्या गावाची चूल मासळीवर पेटते, त्या गावाच्या कारभाराच्या यादीतून मासळीच जाते.

दुसरा मुद्दा ग्रामसभेचा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मतदार यादीत नाव आहे तो कोणीही उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. नगरपंचायतीत हे संपतं. सभागृहात बोलायचा हक्क निवडून आलेल्या १७ जणांना, आपण गॅलरीत गप्प बसायचं. प्रभाग समिती असते म्हणतात, पण घटनेने ती सक्तीची केली आहे तीन लाख आणि त्यावरच्या लोकसंख्येला. दहा-बारा हजारांच्या गावाने काय करायचं? काही वर्षांपूर्वी लॉजच्या सांडपाण्याचा नाला थेट बंदराच्या तोंडाशी काढायचं घाटत होतं. ते ग्रामसभेत अडलं. बाया उठल्या, प्रोसिडिंगमध्ये विरोध लिहून घेतला, तेव्हा थांबलं. नगरपंचायत असती तर आम्हाला पाइप पडल्यावर कळलं असतं.

तिसरं म्हणजे जिल्हा परिषद. नगरपंचायत झाली की आपलं मत जिल्हा परिषदेतून आणि पंचायत समितीतून जातं. प्राथमिक शाळा मात्र बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेकडेच राहते. शाळा त्यांची, मुलं आपली, आणि विचारायला आपला सदस्य नाही.

---

निवृत्त लेखापाल

नोकरीची बरीच वर्षं किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेत काढली आहेत, म्हणून लिहितो. तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही.

अनुसूचीत नाव असणं वेगळं आणि हातात कारभार असणं वेगळं. ते विषय पंचायतींकडे द्यायचे की नाही, हे घटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडलं आहे. आज नौकेची नोंदणी, परवाना, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालची कारवाई, सगळं मत्स्यव्यवसाय विभागाकडे. जेट्टी मेरीटाईम बोर्डाकडे, म्हणजे राज्याच्या बंदरांचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे. तुमच्या ग्रामपंचायतीने आजवर एका तरी होडीबद्दल कधी काही ठरवलं आहे का? मग गमावणार काय आहात?

आता मिळतं काय ते बघा. ग्रामपंचायतीत एक ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), त्याच्याकडे कधी दोन-दोन गावं. नगरपंचायतीला स्वतंत्र मुख्याधिकारी, अभियंता, लेखापाल, कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक. वेंगुर्ल्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. छोटी नगरपरिषद, पण घरोघरी कचरा वेगळा घ्यायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोक बघायला येऊ लागले. हे एका ग्रामसेवकाच्या जिवावर होत नाही. सुट्टीच्या दिवसांत गावाच्या लोकसंख्येइतकी माणसं बाहेरून येतात, त्यांचा कचरा आणि मैला कोण उचलणार?

प्रतिनिधींचं म्हणाल तर ग्रामपंचायतीतही सदस्य जास्तीत जास्त १७. तिथे एका प्रभागातून दोन-तीन निवडून येतात आणि कोणीच जबाबदारी घेत नाही. नगरपंचायतीत एक प्रभाग, एक नगरसेवक. १२ हजारांच्या गावात एकेकाकडे सातशेच्या आसपास माणसं. गटार तुंबलं तर कोणाच्या दारात जायचं हे पक्कं माहीत असतं.

---

तांडेल

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं पाटी कोणती लावायची त्यावर भांडताय. आमचं दुखणं जेट्टीवर आहे.

बंदराच्या तोंडाशी गाळ भरलाय. ओहोटीला मोठी नौका आत येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं. बर्फ विरघळतो, मासळीचा भाव पडतो. गाळाचं विचारायला ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणतात बंदर खात्याकडे जा. तिथे गेलो तर म्हणतात मत्स्यव्यवसायकडे प्रस्ताव आहे. जेट्टीवरचा दिवा बंद पडला तेव्हा खांब एकाचा, वीजबिल दुसऱ्याचं. अंधारात जाळी उतरवताना आमच्या एका खलाशाचा हात सापडला.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते. ते ६१ दिवस सगळ्या नौका ओढून वर घेतो. त्या कुठे ठेवायच्या हेही दरवर्षी नव्याने भांडून ठरतं. सरपंच आला काय नि नगराध्यक्ष आला काय, जेट्टीच्या बैठकीला त्याला खुर्ची आहे का ते सांगा. ती असेल तर मी तुमच्या बाजूने.

---

निवृत्त लेखापाल

तांडेल भाऊ, दुखणं खरं आहे. हे मी उलट्या बाजूनेही पाहिलंय. नगरपरिषदेचा झाडूवाला जेट्टी झाडायचा, कारण दुर्गंधी गावात यायची. पण तिथल्या उत्पन्नातून आमच्या हिशेबाला पैसा जमा होत नसे. १९९९ पर्यंत निदान जकात होती. ती नगरपरिषदांसाठी बंद झाल्यावर शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. एक गोष्ट मात्र कामाची आहे : २०१६ च्या घनकचरा नियमांमध्ये बंदरांचंही नाव होतं. जेट्टीवरचा कचरा ही गावाची एकट्याची जबाबदारी नाही, हे लेखी मांडता येतं. तसं पत्र लिहायला कार्यालयात कोणी जाणकार माणूस लागतो. मी तेच म्हणतोय.

---

मासळी बाजारातली

खाडीकाठच्या दादांना सांगायचंय. तुम्ही ग्रामसभेचं इतकं कौतुक करता, पण ती लावतात सकाळी अकराला. त्या वेळी आम्ही टोपल्या घेऊन बाजारात बसलेल्या असतो. आमका कोण इचारता? गणपूर्तीला शंभर माणसं लागतात, ती जमत नाहीत. मग सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पंधरा-वीस जणांत सगळे ठराव मंजूर करायचे. नाल्याच्या वेळी बाया उठल्या त्या धंदा बुडवून आल्या होत्या. मीही होते त्यात.

आमचा मासळी बाजारही ग्रामपंचायतीनेच बांधला. ओटे इतके उंच की म्हातारीला वर बसता येत नाही. खाली फरशी गुळगुळीत, पाण्याला उतार नाही, मासळीचं पाणी पायाशीच साचतं. वर्षभरात सगळ्या जणी परत रस्त्यावर येऊन बसल्या. बांधायच्या आधी एकीला जरी विचारलं असतं तरी हे झालं नसतं. माझी मावशी नगरपरिषदेच्या गावात बसते. तिला ओट्याचा नंबर आहे, रोजची पावती फाटते. पावती असली की कोणी उठवायला आलं तर दाखवता येते. मला ती पावती हवी आहे.

---

मुंबईतला चाकरमानी

घर गावात, नोकरी मुंबईत. नगरपंचायत झाली की सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांत, आपण दुसऱ्या वर्गात (सीआरझेड-२) जाऊ आणि किनाऱ्यालगत बांधकामाला परवानगी मिळेल असं ऐकलं. वडिलोपार्जित जागेवर साधं घर दुरुस्त करायला किती वर्षं चपला झिजवायच्या? घरपट्टी वाढली तरी चालेल, पण हे सुटू दे.

---

खाडीकाठचा

दादा, ते आपोआप होत नाही. सीआरझेड-२ मध्ये यायला नुसती नगरपालिका हद्द पुरत नाही. निम्म्याहून जास्त भूखंडांवर बांधकाम झालेलं हवं, शिवाय गटारं, रस्ते, पाणी या सोयी हव्यात. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेने ग्रामीण भागाचे दोन भाग केले : २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटर, बाकी ठिकाणी २०० मीटर. आपल्याला सूट हवी तर आधी आपण कुठल्या नकाशात बसतो ते बघायला हवं.

आणि मला भीती नेमकी हीच आहे. ही मागणी करणाऱ्यांपैकी कितींना गटार हवंय आणि कितींना किनाऱ्यालगतचा भूखंड मोकळा करून हवाय? कोळीवाड्यापुढची वाळू, जिथे जाळी विणतात, मासळी सुकते, नौका वर ओढतात, ती बहुतेक कोणाच्याच नावावर नाही. बघणाऱ्याला ती रिकामी वाटते.

---

निवृत्त लेखापाल

मग याच मुद्द्यावर तुम्ही नगरपंचायत मागायला हवी! कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा स्वतःचा नगररचना आराखडा ग्रामपंचायतीला नसतो, प्रादेशिक योजनेच्या नकाशात जमिनीच्या वापराचे रंग भरले असतील तेवढेच. नगरपंचायतीला १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा करता येतो. त्यात मासळी सुकवायची जागा, जाळी दुरुस्तीची जागा, नौका ओढायची जागा असं आरक्षण टाकता येतं. आज ती वाळू तोंडी हक्कावर आहे. उद्या कोणी कागद घेऊन आला तर तुमच्याकडे काय आहे दाखवायला?

---

खाडीकाठचा

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. खरं आहे. पण आराखडा करणार कोण आणि कोणाच्या काळात? मालवण, वेंगुर्ला यांच्या निवडून आलेल्या मंडळांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि पुढचं मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये झालं. मधली चार वर्षं प्रशासक. असा आराखडा प्रशासकाच्या काळात आला तर हरकतीला ३० दिवस, आणि सूचना निघते राजपत्रात. समुद्रावर गेलेल्या माणसाने ती कधी वाचायची?

नव्या नगरपंचायतीचंही तेच. पहिली निवडणूक होईपर्यंत तहसीलदार प्रशासक असतात. ज्या वेळी सगळ्यात मोठे निर्णय होतात, नेमकं त्याच वेळी गावाचा आवाज नसतो.

---

पाणी सोडणारा

मी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. एक विचारतो. शेजारच्या तालुक्यात नगरपंचायत झाली तेव्हा आमच्यासारखे काही जण आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, बसले नाहीत. शिक्षण कमी म्हणून नव्या नोकरीत सामावून घेतलं नाही. वीस वर्षं व्हॉल्व फिरवलेली माणसं कंत्राटदाराकडे गेली. कुठली पाइपलाइन कुठल्या माडाखालून जाते हे कागदावर नाही, आमच्या डोक्यात आहे. याचा विचार कोणी केलाय का?

---

निवृत्त लेखापाल

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. असं झालंय, मी पाहिलंय. प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे हरकती देता येतात, त्यातच कर्मचाऱ्यांच्या नावांची यादी, नेमणुकीची तारीख आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून द्या. नंतर धावाधाव करून उपयोग होत नाही.

---

तांडेल

माझ्या खुर्चीचं कोणीच बोललं नाही. नौका ओढायच्या जागेचं आरक्षण पटलं, तेवढ्यासाठी लेखापालांच्या बाजूने झुकतोय. पण गाळ तसाच राहणार.

---

खाडीकाठचा

तांडेल, तुमचं बरोबर आहे, ते बोलायचं राहूनच गेलं. नगरपंचायत होवो न होवो, जेट्टी, गाळ आणि नौकांच्या जागेच्या बैठकीला गावाचा आणि मच्छीमार सोसायटीचा प्रतिनिधी बोलावलाच पाहिजे, असा ठराव ग्रामसभेत आधी घ्यायला हवा. तो बंधनकारक नसेल, पण उद्याच्या हरकतीला जोडायला कागद होईल. पाणीवाल्या दादांची यादी आणि वाळूच्या जागेची मोजणीही त्याच सभेत. तोवर माझं मत तेच : आत्ता नको.

---

मासळी बाजारातली

मग २ ऑक्टोबरची सभा संध्याकाळी लावायला सांगा, आम्ही मासे विकून घरी आल्यावर. मी दहा जणींना घेऊन येते. बोलेन मात्र नगरपंचायतीच्या बाजूने.

---

खाडीकाठचा

ताई, सकाळीच सरपंचांकडे अर्ज देतो. तुमचं बोलणं तुमच्या शब्दांत प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला मी स्वतः बसेन.