मायनरला जपानी, कोरियन की चिनी? सल्ला हवाय

खिडकीतली_चिमणी
नमस्कार मंडळी, मी पुण्यात बीए इकॉनॉमिक्सला आहे, पहिलं वर्ष संपत आलंय आणि मायनरचा फॉर्म भरायचाय. आमच्याकडे पूर्व आशियाचा एक गट आहे, त्यात जपानी, कोरियन, चिनी यातली एक भाषा आणि सोबत तिथल्या समाजाचे, इतिहासाचे पेपर. आई म्हणते जपानी घे, शेजारच्या दादाला त्याच्यावर नोकरी लागली. बाबा म्हणतात हे सगळं सोड आणि स्टॅटिस्टिक्स घे. मला खरं तर कोरियन घ्यायचंय कारण तीन वर्षं सिरियली बघतेय, पण हे कारण घरी सांगितलं तर संपलंच. मेजर सांभाळून झेपतं का? आणि ते समाजाचे पेपर म्हणजे नुसतं भरताड असतं का?

पेठेतला_बोका
जपानीवाला हजर. आईचं चूक नाहीये, पुण्यात जपानीला मागणी आहे, पण शेजारचा दादा कुठल्या लेव्हलला होता ते आधी विचार. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या एन५ ते एन१ अशा पाच पायऱ्या, एन५ सगळ्यात सोपी. मायनरच्या तासांवर एन५, फार रेटलंस तर एन४. कंपन्या मात्र एन३ किंवा एन२ पासून पुढे बोलतात, म्हणजे उरलेलं रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर बाहेर क्लास लावून स्वतःच ओढायचं. आणि त्या परीक्षेत बोलायचा भागच नसतो, त्यामुळे सर्टिफिकेट खिशात आणि फोनवर 'मोशी मोशी' म्हणताना घाम असे नमुने खूप बघितलेत (मी पण त्यातलाच होतो).

बाकी मराठी माणसाला वाक्यरचना फुकटात मिळते. 'वाताशी वा पुने नि इकिमास' यातला 'नि' म्हणजे आपला 'ला', क्रियापद शेवटी, मी पुण्याला जातो, झालं. मुळाक्षरं पण अ इ उ ए ओ अशी सुरू होतात आणि पुढे क स त न ह म, कारण हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. पहिल्या दिवशी हे फळ्यावर बघून मी बाकावर उडालो होतो. मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, आली आणि खाली बसलो. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ आहेत.

सोलापुरी_कडक_भाकरी
चिनीकडे कुणी बघतच नाही म्हणून लिहितो. व्याकरण सोपं आहे, ना लिंग ना काळाची रूपं. मारतं ते सुरात. 'माइ' खाली उतरून वर आलं की विकत घेणं, वरून धाडकन खाली आलं की विकणं. मी वर्गातल्या दुकानदाराच्या नाटकात शिक्षिकेला तिचीच पर्स विकत होतो.

पण आपल्याला एक फायदा आहे. आपल्याकडे चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, तसलाच भेद तिकडेही आहे आणि माझ्या वर्गातल्या हिंदी पोरांना तो महिनाभर ऐकूच येत नव्हता. (जपानी 'त्सुनामी'तला त्सु पण आपल्या चुलीतला चू आहे, बोका सहमत होईल.)

जेवलास का ही चौकशी तिकडेही नमस्काराच्या जागी चालते. आणि आमच्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ ला तिकडे गेले, भाषा शिकले, १९४२ ला तिथेच वारले. तेव्हा चिनी जमत नाही म्हणायचं नाही.

उंबरठ्यावरची_मांजर
चिमणे, कोरियन घे!! लिपी शनिवार-रविवारात येते. राजा सेजोंगने १५ व्या शतकात सामान्य लोकांसाठीच करवून घेतली ती, १४४६ ला जाहीर केली. लिपी आली म्हणून भाषा आली असं मात्र समजू नकोस, माझा तो भ्रम दुसऱ्या सेमिस्टरला उतरला.

सिरियलीतलं कोरियन वर्गात वापरू नकोस. मी पहिल्या दिवशी सरांना 'आन्न्योंग' म्हणून हात हलवला, म्हणजे आपल्याकडे प्राचार्यांना 'काय रे' म्हणण्यातला प्रकार. आपलं तू-तुम्ही-आपण परवडलं, तिथे अख्खं क्रियापद बदलतं, म्हणून तर ओळख झाली की लोक आधी वय विचारतात. टोपिकचा, म्हणजे कोरियनच्या परीक्षेचा, निकाल दोनच वर्षं धरतात, सबब ती परीक्षा लवकर देऊन ठेवू नकोस.

उसगावातला_उपाशी
मी इकडे अमेरिकेत पूर्व आशिया मायनर केलंय, मेजर अर्थशास्त्रच. भाषेवर सगळे बोलले म्हणून पेपरांबद्दल सांगतो, कारण माझी अर्धीअधिक भाषा गंजली पण ते पेपर रोज कामाला येतात. तुला भरताड वाटणारच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, तैवान, दक्षिण कोरिया तिन्हीकडे कसणाऱ्याला जमीन मिळाली आणि मग कारखाने आले, हे वाचताना आपला कूळकायदा डोक्यात येतोच आणि तुलना करायला हात शिवशिवतात. १९९७ च्या संकटानंतर कोरियन लोकांनी देशाच्या कर्जासाठी घरातलं सोनं आणून दिलं, लग्नाच्या अंगठ्यासुद्धा. आमच्या आईला सांगितलं तर म्हणाली, 'मी पाटल्या दिल्या नसत्या.' आणि त्याच देशाचा जन्मदर २०२३ ला बाईमागे सरासरी ०.७२ मुलं. घरांचे भाव, क्लासचा खर्च, बायकांवरचा कामाचा बोजा, सगळं एका आकड्यात. बाबांना सांग, स्टॅटिस्टिक्स लागणारच आहे यात.

भाषेशिवाय हे पेपर अर्धवट आणि पेपरांशिवाय भाषा पोपटपंची. जपानी माणूस मीटिंगमध्ये 'केंतो शिमास' म्हणाला, म्हणजे 'विचार करतो', की आमचा अमेरिकन मॅनेजर खूश. मला कळायचं की हे आपल्या बाबांचं 'बघू' आहे.

पेठेतला_बोका
'बघू' =)) हे वर्गात कुणी शिकवलं असतं तर माझे दोन प्रोजेक्ट वाचले असते.

ताकातली_भाजी
सगळे स्वप्नं दाखवतायत, मी जरा पाणी ओतते. माझ्या कॉलेजने माहितीपत्रकात कोरियन छापलं, पोरं कमी पडली म्हणून सेमिस्टर सुरू झाल्यावर रद्द केलं आणि आम्हाला उरलेल्या कुठल्यातरी विषयात ढकललं. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात जाऊन विचार की शिक्षक नेमलेत का, वर्ग चालू व्हायला किती जण लागतात, आणि भाषा तिसऱ्या वर्षापर्यंत आहे की दोन सेमिस्टरनंतर बंद. वेळापत्रक मेजरच्या तासांवर आदळत नाही ना तेही. मागच्या बॅचचं कुणी गाठलंस तर सगळ्यात बरं, ऑफिसवाले 'होईल होईल' म्हणतात.

खिडकीतली_चिमणी
सगळ्यांना खूप धन्यवाद, वाचनखूण साठवली. काल ऑफिसात जाऊन आले. कोरियनला शिक्षिका आहेत, भाषा चार सेमिस्टर आहे, मागच्या वर्षी वर्ग भरला होता. मेजरच्या एका तासाशी टक्कर होतेय पण तो तास दुसऱ्या तुकडीत करता येईल म्हणाले, लेखी मागितलंय. घरी सिरियलीचं नाव काढलं नाही, जन्मदर आणि सोन्याचं सांगितलं. आईने पाटल्यांबद्दल सेम तेच उत्तर दिलं. बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, 'बघू.'

उसगावातला_उपाशी
अरे देवा.

उंबरठ्यावरची_मांजर
पेपर खाली ठेवला ना? मग भर फॉर्म.