जॅक आडवा झाला म्हणून गिऱ्हाईक तापलंय, काय करू?

स्टेपनीवाला:
मंडळी, साताऱ्यात माझं स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका सरांना कात्री जॅक विकला, दोन टनाचा, त्यांच्या जुन्या हॅचबॅकला. काल सरांनी तोच जॅक वाकडा झालेला आणून काउंटरवर आपटला. खंबाटकीच्या अलीकडे पंक्चर झाली, गाडी उचलली आणि जॅक आडवा झाला, दाराखालचा पत्रा चेपला, पोरं लांब उभी होती म्हणून बरं. जॅकचे पैसे पाहिजेत आणि डेंटिंग-पेंटिंगचे पण, नाहीतर ग्राहक आयोगात जातो म्हणाले. मी म्हटलं, सर तुमची गाडी ९०० किलोची, जॅक दोन टनाचा, पडेलच कसा. तिथंच बिघडलं. दुकानात चार माणसं, सगळ्यांसमोर. आज संध्याकाळी परत येणारेत.

गॅरेजकाका:
टनाचं गणित सांगू नको रे, ते सरळ उभ्या वजनाचं असतं, तिरका जोर आला की कुठलाही जॅक लोळतो. जॅक हातात घे आणि बघ. मधल्या स्क्रूचे आटे गेले असतील तर माल खराब, वाद घालू नको. आटे शाबूत पण हात एका अंगाला पिळलेत, तर जमीन कलती नाहीतर मऊ होती. मग गाडी बघ. दाराखालच्या पट्टीला चाकाजवळ दोन खाचा असतात, त्यांच्या मधे जॅकचं डोकं बसतं. दुसरीकडंच चेपलं असेल तर कळलंच. आणि चाकाला दगड लावला होता का विचार, कारण या गाड्यांचं पुढचं चाक उचललं की गिअरचा आधार जातो, मागचं उचललं की हँडब्रेकचा निम्मा जातो. त्यात लोकं गाडी वर घेतल्यावर नट सोडायला जातात, पान्यावर पाय देऊन!

जुना_काउंटरवाला:
काका सगळं खरं, पण हे सरांना आल्या आल्या ऐकवलं तर संपलंच. मी बरीच वर्षं सर्व्हिस काउंटरला काढलीत. आधी कुणाला लागलं नाही ना विचार, ते तू काल विचारलंच नाहीस बहुतेक. आत बसव, चहा सांग, गाडी कुठं कशी लावली होती ते त्यांच्याच तोंडून ऐक आणि मधे बोलू नको. चुकीचा लावला वगैरे शब्दच नको, सरळ गाडीपाशी ने आणि जॅक खाचेत बसवून दाखव. तो वाकडा जॅक ठोकून सरळ करून परत विकू नको म्हणजे झालं, हे करणारे पण बघितलेत.

कोर्टाची_पायरी:
२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बघा, जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सदोष मालाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. बनवणारा कोण ते सांगता आलं नाही, किंवा त्याने दिलेल्या सूचना तुम्ही गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत, तर विक्रेत्याच्या अंगावर येतं. चुकीचा वापर झाला असेल तर तुमच्याकडे बचाव आहे. पण ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीच नाही, त्यामुळं सर खरंच जाऊ शकतात. खोक्यात सूचनांचा कागद होता का?

स्टेपनीवाला:
ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. तो जॅक शोकेसमधे मांडलेला होता, खोकं मीच फोडलेलं, कागद गल्ल्याच्या ड्रॉवरमधे. अजून तिथंच आहे.

सर आले. आटे एकदम नवे, एक हात पिळलेला, तळाला मुरूम चिकटलेला, आणि पत्रा खाचांपासून वीतभर पुढं चेपलेला. काकांनी सांगितलं तसं जॅक खाचेत बसवून दाखवला तर सर उकिडवे बसून बघत राहिले, मग हळूच म्हणाले, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं की. मी पण कागदाचं सांगून टाकलं. जॅक नवा दिला, डेंटिंगचे निम्मे मी देतोय, सर नको नको म्हणत होते.

ड्रॉवरमधे तसलेच अजून चार कागद निघाले. बिलबुक काढून बसलोय, दोघांचे नंबर सापडलेत.