‘हे सोंग आहे’ म्हणणाऱ्यांना: गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज

जोंधळा:
काल इथे गिलियन वेल्च या अमेरिकी लोकगायिकेबद्दल ‘कातळ’ यांनी लिहिलं, “लॉस एंजेलिसमध्ये वाढायचं, बॉस्टनच्या बर्कलीत संगीत शिकायचं आणि अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातलं दुःख गायचं, हे सोंग आहे.” (अ‍ॅपलाचिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडचा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा प्रदेश.) दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढते.

वेल्चचा 2001 चा ‘टाइम (द रेव्हलेटर)’ हा अल्बम ऐकलाय का नीट? माणसं दोन, गळे दोन, गिटार, मधूनच बँजो. ड्रम नाही, बास नाही. तिचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्ज, त्याची गिटार 1935 ची एपिफोन ऑलिंपिक, आवाज कोरडा, किंचित खरखरीत. तो एखादा बोचरा सूर धरून ठेवतो, आता हा चुकला असं वाटतं, आणि ऐन वेळी समेवर आणून सोडतो. बाबा गेले त्या आठवड्यात रात्रीच्या एसटीने कोल्हापूरला चालले होते. कात्रजचा बोगदा सुटला तेव्हा शेवटचं गाणं लावलं, खेड शिवापूरचा टोलनाका आला तरी चालूच होतं. त्या रात्री पहिल्यांदा रडू आलं. सोंगाने असं होत नाही.

कातळ:
सुरांबद्दल मी बोललोच नव्हतो. वेल्चचे आईवडील टीव्हीवरच्या कॅरोल बर्नेट शोसाठी गाणी लिहायचे. या बाईंनी खाण कुठे पाहिली? माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची, तळहाताला घट्टे होते. गेल्या वर्षी पुण्यात 500 रुपयांचं तिकीट काढून त्याच ओव्या मंद दिव्यात, इरकली नेसलेल्या बाईंच्या तोंडून ऐकल्या. मध्यंतरात उठून आलो. तेव्हापासून हे प्रकार सहन होत नाहीत.

टेपरेकॉर्डर:
अवांतर. वेल्च-रॉलिंग्ज दोघांनी अकोनी ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून हा 2001 चा अल्बम आणला. फुकट गाण्यांमुळे गाणाऱ्याचं पोट कसं भरायचं यावर त्यातच एक गाणं आहे. इथे किती जणांनी अल्बम विकत घेतला? आधी त्यावर बोला.

पाटावरवंटा:
कातळ, ओव्यांचा विषय काढलात म्हणून. गी पॉइटविन आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात लाखभर ओव्या गोळा झाल्या, गाणारीचं नाव आणि गाव लिहून. शहरातल्यांनी हात लावायचाच नाही म्हटलं, तर त्या बायका गेल्या की ओव्याही गेल्या.

कातळ:
नाव-गाव लिहून! तोच तर मुद्दा आहे. त्या कार्यक्रमात ‘पारंपरिक’ एवढंच म्हणाले. ज्या बाईने दळता दळता ती जुळवली तिला नाव नाही, आणि मी गप्प बसायचं?

पाटावरवंटा:
गप्प बसा म्हटलेलं नाही. पण एका कार्यक्रमाचा राग सगळ्या जगावर काढताय. आमच्या घरीही जातं होतं, घट्टे तुमच्याच आजीला नव्हते.

कातळ:
माझ्या आजीवर यायचं काम नाही.

जोंधळा:
दोघंही थांबा. कातळ, त्या कार्यक्रमाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण या 2001 च्या अल्बममध्ये वेल्च कुणाची ओवी उचलत नाही, गाणी या दोघांची स्वतःची. पहिल्या अल्बममध्ये, 1996 साली, अनाथ मुलीचं गाणं आहे. वेल्च स्वतः दत्तक गेलेली आहे. ते दुःखही उसनंच का? आणि 2020 च्या मार्चमध्ये वादळाने नॅशव्हिलमधल्या त्यांच्या वुडलँड स्टुडिओचं छप्पर नेलं, तेव्हा मास्टर टेपा, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेपा, या दोघांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढल्या. 2024 च्या अल्बमला त्याच स्टुडिओचं नाव दिलंय.

कातळ:
दत्तकाचं माहीत नव्हतं. त्या एका गाण्यापुरता शब्द मागे घेतो. डोंगराबद्दल नाही.

टेपरेकॉर्डर:
माझ्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

जोंधळा:
टेपरेकॉर्डर, माझ्याकडे सीडी आहे. कातळ, आजीच्या ओव्या लिहून ठेवल्यात का?

कातळ:
नाही. दोनच आठवतात, त्यातली एक अर्धी. आईला रविवारी फोन करतो.